क्लच नसलेल्या दोन गाड्या

गेल्या महिन्यात मी पेडण्याला जाऊन आलो. सर्वणहून कोरगाव म्हणजे काही मोठा प्रवास नव्हे. सकाळी जाऊन जेवायला घरी परतणारे लोक आहेत. पण आल्यापासून आमच्या वाड्यावरचा जो तो विचारतो, "मास्तर, दोन ऑटोमॅटिक गाड्या बघितल्यात म्हणे. खंयची बरी?" मी एका वाक्यात उत्तर देऊन मोकळा होतो. पुरं उत्तर द्यायचं तर त्या तीन दिवसांबरोबर आणखी एक जुना दिवस सांगावा लागतो, आणि तो दिवस मी पस्तीस वर्षं चुकीचा सांगत आलो आहे. म्हणून लिहायला बसलो. ज्यांना फक्त गाड्यांची माहिती हवी, त्यांनी शनिवारचा भाग वाचावा.

शुक्रवार : सर्वण ते कोरगाव

माझी जुनी छोटी गाडी एकोणीस वर्षांची झाली. तिचा क्लच जड आणि माझा डावा गुडघा त्याहून जड. लेकीने फोनवर बजावलं की पुढची गाडी ऑटोमॅटिकच घ्यायची, डाव्या पायाला कामच नको. लोकांना मी हेच कारण सांगितलं आणि ते खोटं नाही. पण "डाव्या पायाला काम नाही" हे शब्द ऐकले तेव्हा मला माझा गुडघा आठवला नाही. माझा धाकटा भाऊ रोहिदास आठवला. त्याचा डावा पाय गुडघ्यात वाकत नाही. एके काळी तो टॅक्सी चालवायचा.

मी मनात बेत केला. गाडी माझ्या नावावर घ्यायची आणि त्याच्या दारात ठेवायची. त्याला एवढंच कळवलं की दोन गाड्या पाहायच्या आहेत, तुला त्यातलं कळतं, तुझ्या घरी राहून पाहू. तो म्हणाला, "ये."

डिचोलीच्या बाजारात पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, गरम उंडे पाव घेतले, कारण शालिनीला, म्हणजे रोहिदासच्या बायकोला, डिचोलीचे उंडे आवडतात. पुढे मुळगाव आलं. मुळगाव सोडून आस्नोड्याकडे उतरताना रस्त्याला एक वळण आहे आणि वळणाच्या तोंडाशी ओढ्यावरची मोरी. तिच्या एका बाजूचा कठडा जुन्या चिऱ्यांचा आणि दुसऱ्या बाजूचा सिमेंटचा आहे. सिमेंटचा का, ते मला ठाऊक आहे.

त्या वेळी आमचं घटक राज्य होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. भाषेच्या भांडणात रस्ते अडायचे ते दिवस सरले होते आणि टॅक्सीचा धंदा बरा चालला होता. रोहिदासला बाबांनी काजूची बाग विकून टॅक्सी घेऊन दिली होती. मी प्राथमिक शाळेत मराठीचा मास्तर. मला गाडी शिकायची हौस. परवाना नव्हता, शिकाऊसुद्धा नव्हता. रविवारी तो शेजारी बसून मला शिकवायचा. त्या रविवारी मुळगावच्या उतारावर गाडी माझ्या हातून सुटली आणि मोरीच्या कठड्यावर आदळली. रोहिदासची बाजू आत आली. मी त्याला ओढून बाहेर काढलं आणि गवतावर निजवलं. तो शुद्धीवर नव्हता. लोक जमले तेव्हा कोण कुठे बसलं होतं हे कुणीच पाहिलेलं नव्हतं. एका म्हाताऱ्याने विचारलं, "चालवत कोण होता?"

मी म्हटलं, "भाऊ."

तो शब्द उच्चारायला काहीच वेळ लागला नाही. विनापरवाना गाडी आपटली म्हणून माझी नोकरी गेली असती, हे नंतर सुचलेलं कारण. त्या क्षणी मी फक्त घाबरलो होतो. रोहिदास इस्पितळात शुद्धीवर आला तोवर सगळ्या गावाला ठाऊक झालं होतं की त्याने गाडी आपटली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पाणी मागितलं. त्याविषयी तो कधी बोलला नाही.

यापेक्षा वाईट पुढेच घडलं. हाडं जुळल्यावर, ड्रायव्हर ठेवून का होईना, त्याला दुसरी गाडी घेऊन द्यावी का, यासाठी बाबांनी देवाचा प्रसाद घेतला. आमच्याकडे कुठलंही मोठं काम प्रसाद घेतल्याशिवाय होत नाही. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतो, मग गाऱ्हाणं घालतो, म्हणजे झालेली हकीगत देवाला मोठ्याने सांगून प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "ह्या धाकट्या पुताच्या हातून गाडी आपटली..." मी बाबांच्या शेजारी हात जोडून उभा होतो आणि गप्प राहिलो. डावी पाकळी पडली. बाबा म्हणाले, "देव नको म्हणता." खोटी हकीगत सांगून घेतलेला तो प्रसाद, पण बाबांनी मरेपर्यंत मानला. रोहिदासने सर्वण सोडलं आणि सासुरवाडीला, कोरगावला, छोटं दुकान घातलं.

कोरगावला पोचलो तेव्हा तो दुकानातच होता, काठी काउंटरला टेकवून.

"दादा, ह्या गाडयेन आयलंस? हिच्यापरस चलत आयलो असतंस तर बेगीन पावलो असतंस."

शालिनीने आतून हाक मारली, "भावजी, येवा. उंडे हाडलेत मां?"

जेवायला उकड्या तांदळाचं शीत, बांगड्याचं हुमण, म्हणजे कालवण, आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी होती. आमच्या डिचोलीकडे हुमणात तिरफळं घालतात, पेडण्याला इतकी नाही घालत. शालिनी माझ्यासाठी मुद्दाम मूठभर घालते. वाढता वाढता तिचं नेहमीचं सुरू झालं.

"गाडये ह्यांका कित्याक दाखयतात भावजी? मोरी दिसली की हेंचो हात शिवशिवता."

रोहिदास हसला. तो हसतो तेव्हा खाली ताटाकडे बघतो.

"आमच्या चेडवान शिकून घेतली ती ड्रायव्हिंग स्कुलात," ती आपल्या लेकीविषयी पुढे म्हणाली. "बापाय कडेन शिकली असती तर आतां दोघांयचे पाय एकसारखे असते."

ही थट्टा मी निदान शंभरदा ऐकली असेल. दर वेळी मी हुमण भातावर ओढून घेतो आणि जेवतो.

शनिवार : मोप्याच्या सड्यावर

हल्ली गाडीचे विक्रेते गाडी दारात घेऊन येतात. सकाळी पहिली आली, पांढरी. बरोबर टाय लावलेला एक गृहस्थ, कोल्हापूरकडचा, पोट सुटलेला, बोलायला मोकळा.

"काका, काय बी काळजी करू नका. ब्रेकवरचा पाय काढला की गाडी आपली आपण चालती."

मग त्याने परवाना मागितला. परवान्याचा फोटो काढल्याशिवाय चाकाला हात लावू देत नाहीत. मी माझा दिला. "आणि हे काका चालवणार?" त्याने रोहिदासकडे पाहिलं.

रोहिदास म्हणाला, "माझें लायसन कधींच सोंपलें. परत केलेंच ना."

हे मला सुचलंच नव्हतं. ज्या माणसासाठी गाडी घ्यायला निघालो, त्याला ती चालवायची परवानगी आहे का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. बेत करताना मी माझ्या मनाचं ओझं किती हलकं होईल तेवढंच पाहिलं होतं. मी चाकाशी बसलो आणि तो डाव्या बाजूला. पस्तीस वर्षांपूर्वी बसलो होतो तसे.

आता गाडीविषयी. ही पांढरी गाडी आतून साध्या गाडीसारखीच असते. क्लच तिलाही आहे, फक्त तो आपल्या पायाऐवजी यंत्र दाबतं. त्यामुळे ती स्वस्त, पेट्रोल कमी खाते आणि कुठल्याही मेकॅनिकला कळते. पण गिअर बदलताना दर खेपेला क्षणभर थांबते आणि मग पुढे ओढते. आपली मान पुढे जाऊन मागे येते. मोप्याचा चढ चढताना पुढे ट्रक होता. तिथे कुठला गिअर घ्यावा हे तिचं ठरेना. थांबून परत निघताना हातभर मागे सरकली.

रोहिदास डोळे मिटून इंजिन ऐकत होता. म्हणाला, "हिच्या भितर एक शिकावू ड्रायव्हर लिपून बसलोसो दिसता."

कोल्हापूरकर खूप हसला. "हे झ्याक बोललात काका."

मी हसलो नाही.

दुसरी गाडी दुपारी आली, करड्या रंगाची. तिच्याबरोबर निकिता नावाची पेडण्याचीच मुलगी होती. हिच्यात पायऱ्यापायऱ्यांचे गिअर नाहीत, एक पट्टा असतो. धक्का नाही. चढावर आवाज फार करते, वेग मात्र त्या मानाने वाढत नाही. किंमत जास्त, पेट्रोलही थोडं जास्त. पण चढावर ब्रेक सोडला तरी मागे सरकत नाही, आणि बसायची जागा उंच असल्यामुळे वाकत नसलेला पाय आत घेणं सोपं जातं. रोहिदास म्हणाला, "रडता, पण धक्को मारिना. ही बरी."

सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, गाडी कडेला लावली. ज्यांनी मोप्याचा सडा विमानतळाआधी पाहिला असेल त्यांना तो आता ओळखू येणार नाही. पूर्वी इथे दगड, वारा आणि गुरं चारणारे धनगर. आता रुंद रस्ते, दिवे, आणि दूर रांगेत उभ्या टॅक्सी. रोहिदास बराच वेळ त्या टॅक्सींकडे बघत होता.

निकिता म्हणाली, "काका, चालवता येणार नाही, पण बंद गाडीत बसून बघा ना."

तो चालकाच्या जागी बसला. पँटचं कापड धरून त्याने डावा पाय दोन्ही हातांनी आत घेतला. खाली वाकून बघितलं. "ही डावीकडे पाट बसयल्यासारखी जागा कसली?"

"डावा पाय ठेवायला."

"करूक काय ना ताका?"

"काही नाही काका. नुसता ठेवायचा."

त्याने पाय तिथे ठेवला. दोन्ही हात चाकावर ठेवले, जुन्या सवयीने आरसा जरा फिरवला आणि समोर बघत बसला. इंजिन बंद होतं. मी म्हटलं, "लायसन परत काढूया."

"अडुसष्टाव्या वर्सा? ह्या दोळ्यांनी?" त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकतो आहे, हे मला तेव्हा कळलं. "दादा, धा वर्सां आदीं आयलो असतंस."

परतीच्या उतारावर मी चालवत होतो. वळणावर एक गाय आडवी आली. उजवा पाय ब्रेकवर गेला आणि सवयीने डावा पाय क्लच दाबायला गेला. क्लच नव्हता. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेकचा पॅडल रुंद असतो; डावा पाय पुऱ्या ताकदीने त्याच्यावर पडला. गाडी जागच्या जागी थांबली. रोहिदासचे दोन्ही हात समोर आपटले आणि त्याच्या तोंडून फक्त "आयगे" निघालं. गाय निवांत पलीकडे गेली.

मागून निकिता म्हणाली, "घाबरू नका काका. क्लचवरून आलेले सगळे पहिल्या दिवशी असंच करतात. डावा पाय मागे घेऊन ठेवा."

रोहिदास गुडघा चोळत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तेन्नाय तू तोच दाबलो."

"काय?"

"क्लच. मुळगांवच्या उतारार. क्लच दाबून धरलो, म्हणान गाडी मेकळी सुटली. मी बोंब मारतां, ब्रेक, ब्रेक, आनी तू आनीक घट क्लच दाबता."

पस्तीस वर्षं मी स्वतःला सांगत होतो की त्या दिवशी ब्रेक लागला नाही. ब्रेकला मी पाय लावलाच नव्हता.

"तू कधी कुणाला सांगितलं नाहीस."

"सांगून किदें जातलें? माझो पाय वता तो वता. तुझी नोकरीय गेल्ली असती. एका घरांत दोगूय बसून खाऊचे?" त्याने हाताने पुढे खूण केली. "आतां चल. तिका परत पावयचें आसा."

निकिता फोनमध्ये बघत असल्यासारखं करत होती.

रविवार : सर्वण

नवं वाहन घ्यायचं म्हणजे प्रसाद घ्यायला हवा, आणि त्याला घरातले सगळे उभे राहतात. रविवारी सकाळी रोहिदास आणि शालिनी माझ्या जुन्या गाडीतून सर्वणला आले. वाटेत मोरी आली. शालिनीने या वेळी थट्टा केली नाही. ती भातशेतातले बगळे मोजत होती.

देवळात आम्ही तिघे, गुरव आणि देवस्थानचे एक जुने महाजन, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात. गुरव हा त्या वेळच्या गुरवाचा मुलगा. त्याने पाकळ्या लावल्या. उजवी पांढऱ्या गाडीसाठी आणि डावी करड्या गाडीसाठी. मग हात जोडून विचारलं, "मास्तर, गाऱ्हाण्यात काय सांगू? गाडी चालवणार कोण?"

मी म्हटलं, "त्याआधी जुनं गाऱ्हाणं दुरुस्त करायचं आहे."

त्याला कळेना. मीच पुढे झालो. हे मी आधीपासून ठरवलं होतं का, तर हो, ठरवलं होतं. पण कुणाला विचारलं नव्हतं. मी देवाला मोठ्याने सांगितलं की पस्तीस वर्षांपूर्वी इथे धाकट्याच्या हातून गाडी आपटली असं जे सांगितलं ते खोटं होतं. गाडी माझ्या हातात होती. मी इथेच उभा होतो आणि गप्प राहिलो. बाबांनी जो प्रसाद घेतला तो खोट्या हकीगतीवर घेतला.

मी बोलत असतानाच डावी पाकळी गळून पडली.

गुरव गोंधळला. "मास्तर, प्रश्न विचारलाच नव्हता. अर्ध्या गाऱ्हाण्यात पडलेला प्रसाद कशाचा धरायचा?"

भाऊ महाजन म्हणाले, "मास्तर, बापूय गेलो, न्याय करपी जुनो गुरव गेलो. आतां हें कोणाक सांगतात?"

मला वाटलं होतं की हे बोलल्यावर काहीतरी सुटेल. मी रोहिदासकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता, बायकोकडे बघत होता. शालिनी खांबाला धरून खाली बसली होती.

"तुमी चालयत नासले?" तिने त्याला विचारलं.

तो खाली बघून काठी फरशीवर फिरवू लागला.

"चेडवाक गाडी शिकयतां म्हणून माझ्या पायां पडलात तुमी. मी म्हटलें, तुमच्या हातांत लेक दिवंची ना. तें ऐकून भायर दुकानांत जावन बसलात." तिचा आवाज चढला नव्हता. "पस्तीस वर्सां रोज बोललां मी तुमका. एक दीस तरी म्हणपाचें."

"तूं हांसत हांसत बोलताली," तो म्हणाला. "माका कांय त्रास जायनासलो."

"माका जाता," ती म्हणाली.

त्यांना परत पोचवताना ती मागे बसली होती. मुळगावपर्यंत काचेतून बाहेर बघत होती. मोरी आली तेव्हा तिने डोळे मिटले. कोरगावला उतरल्यावर ती आत गेली आणि रोहिदास काठी टेकून माझ्या खिडकीपाशी थांबला.

"दादा, माका विचारलें असतंस तर नाका म्हटलें असतें."

"मला राहवलं नाही."

"तुजें वजन तूं इतलीं वर्सां उखललें. आतां म्हातारपणीं तिच्या माथ्यार दवरलें." मग म्हणाला, "गाडी तुका घे. आमच्या दारांत नाका. दिसली की तिका याद येतली."

गाडी घेतली. करडीच. जे विचारतात त्यांना मी सांगतो की पैसे थोडे जास्त गेले तरी दुसरी घ्या, धक्का मारत नाही. आणि क्लचवरून येत असाल तर पहिले काही दिवस डावा पाय मागे घेऊन ठेवा. माझा अजून ऐकत नाही. मुळगावच्या उतारावर तो आपोआप उठतो, तेव्हा मी एक हात चाकावरून काढून गुडघा खाली धरतो.

परवा रोहिदासला फोन केला. बांगडे महाग झाले, दुकानाचा पत्रा गळतो, असं बोलून झालं. मग मी विचारलं, शालिनी कशी आहे.

"बरी आसा. आतां माका कांय म्हणना. जेवण वाडटा, गप बसता." पलीकडे गिऱ्हाईकाला सुटे पैसे मोजून दिल्याचा आवाज आला. "बोलताली तें बरें आसलें, दादा."